पूजेत ‘अत्र अवतर अवतर’ म्हणताना आपण नेमके कोणाला बोलावतो?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना जय जिनेंद्र.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी आहे. गावातल्या दिगंबर जैन बस्तीत (मंदिरात) भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्वाची पूजा रोज सकाळी होते. यंदा पूजेच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायचे ठरले आणि प्रत्येक श्लोकाखाली सोपा मराठी अर्थ देण्याचे काम माझ्याकडे आले. वीस वर्षे जे तोंडपाठ म्हणत आले, त्याचा अर्थ लिहायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर अडखळले, म्हणून हा धागा.

ज्यांना या पूजेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. अभिषेक आटोपल्यावर समोरच्या ताटात गंधाने स्वस्तिक काढतात, त्याच्यावर तीन ठिपके, त्यांच्यावर चंद्रकोर आणि कोरीत एक बिंदू. स्वस्तिकाच्या चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नरक या चार गती. तीन ठिपके म्हणजे सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. कोर म्हणजे सिद्धशिला आणि बिंदू म्हणजे तिथे पोहोचलेला मुक्त जीव. मग ओंजळीत फुले किंवा अक्षता घेऊन तीन वाक्ये म्हणायची. पहिले, ‘अत्र अवतर अवतर संवौषट्’. दुसरे, ‘अत्र तिष्ठ तिष्ठ ठः ठः’. तिसरे, ‘अत्र मम सन्निहितो भव भव वषट्’. ये, इथे थांब, माझ्याजवळ राहा. त्यानंतर जल, चंदन, अक्षत, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप आणि फळ ही आठ द्रव्ये एकेक श्लोक म्हणून वाहायची, शेवटी अर्घ्य, जयमाला, शांतिपाठ आणि विसर्जन.

अडचण अशी की, आपल्या धर्माप्रमाणे तीर्थंकर वीतराग, म्हणजे राग-द्वेषापलीकडे गेलेले आहेत, सिद्ध झालेला जीव लोकाग्री, म्हणजे विश्वाच्या माथ्यावर स्थिर आहे आणि तो कोणाच्याही हाकेने खाली उतरत नाही. मग ‘अवतर’ या शब्दाखाली मी मराठीत काय लिहू? ‘हे जिनेंद्रा, येथे ये’ असे लिहिले, तर शब्दार्थ बरोबर आणि सिद्धांत चुकीचा. सिद्धांत सांभाळावा, तर शब्दाशी प्रतारणा होते. बरे, हा अर्थ पाठशाळेतली मुले वाचणार आहेत आणि ती विचारल्यावाचून राहणार नाहीत.

दुसरी अडचण भाषेची. आमच्या एका पूजेत णमोकार मंत्र प्राकृतात, अष्टकाचे, म्हणजे आठ द्रव्यांचे, मंत्र संस्कृतात, दशलक्षणाची पूजा आग्र्याच्या द्यानतरायांच्या हिंदीत, एक-दोन पदे कानडीत आणि आरती तेवढी मराठीत असते. सगळीच मराठीत करावी, असे काही तरुण मंडळींचे म्हणणे आहे. जाणकारांनी दोन्ही बाबतींत मत द्यावे, ही विनंती.

निवृत्त_संस्कृत_शिक्षक

ताई, आपण अडखळलात हे उत्तम झाले. ज्याला अर्थ लिहायचा असतो त्यालाच हा खड्डा दिसतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘संवौषट्’, ‘वषट्’ हे आहुतीच्या वेळी काढायचे उद्गार आहेत. त्यांना वाक्यातल्या शब्दासारखा अर्थ नाही. ‘ठः ठः’ हे स्थिरीकरणाचे बीजाक्षर आहे. या तिन्हींचे भाषांतर करू नका, तसेच राहू द्या. आणखी एक विनंती आहे. द्रव्य वाहताना ‘निर्वपामिते स्वाहा’ असा उच्चार सर्रास ऐकू येतो आणि काही पुस्तिकांत तो छापलेलाही असतो. मूळ शब्द ‘निर्वपामि इति स्वाहा’, म्हणजे संधी होऊन ‘निर्वपामीति स्वाहा’. ‘निर्वप्’ म्हणजे आपल्या साठ्यातला वाटा बाजूला काढून अर्पण करणे. मूठभर तांदूळ ताटात सोडण्याच्या क्रियेला यापेक्षा नेमके क्रियापद सापडणार नाही.

आता मुख्य शंका. शास्त्रात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप, म्हणजे वस्तू समजून घेण्याचे चार प्रकार, सांगितले आहेत. एखाद्या वस्तूत ‘हे तेच’ अशी बुद्धी धारण करणे म्हणजे स्थापना. मूर्तीला जिनाचा आकार असतो म्हणून ती तदाकार स्थापना, आणि अक्षता किंवा फुले यांना तो नसतो म्हणून ती अतदाकार. तेव्हा ‘अवतर’ ही क्रिया सिद्धशिलेवर घडत नाही, पूजकाच्या उपयोगात घडते, म्हणजे त्याच्या चित्ताच्या व्यापारात. बोलावणे जिनाला उद्देशून आहे, पण हलायचे आहे ते आपल्याला. आपल्याकडे यावर मतभेदही झाले आहेत, हे पुस्तिकेत आवर्जून नोंदवा. या काळात अतदाकार स्थापना करू नये, असे वसुनंदींच्या श्रावकाचारात (गृहस्थांच्या आचारावरील ग्रंथात) म्हटले आहे, कारण लोक वाटेल त्या वस्तूत वाटेल तो देव कल्पू लागतील.

समंतभद्राचार्यांच्या स्वयंभूस्तोत्रात, वासुपूज्य तीर्थंकरांच्या स्तुतीत, आपल्या प्रश्नाचे उत्तर एका श्लोकात आले आहे:

न पूजयार्थस्त्वयि वीतरागे न निन्दया नाथ विवान्तवैरे ।
तथापि ते पुण्यगुणस्मृतिर्नः पुनाति चित्तं दुरिताञ्जनेभ्यः ॥

हे नाथ, तू वीतराग आहेस म्हणून पूजेशी तुला कर्तव्य नाही, वैर ओकून टाकले आहेस म्हणून निंदेशीही नाही; तरीही तुझ्या पुण्यगुणांची आठवण आमचे चित्त पापाच्या काजळीपासून स्वच्छ करते. या श्लोकातल्या ‘नः’ या एका अक्षराकडे लक्ष द्यावे. पूजेचे फळ कोठे घडते याचा पत्ता त्या अक्षरात आहे.

वैदर्भीय

माझे घराणे मूळचे राजस्थानातले खंडेलवाल, चार पिढ्या विदर्भात स्थायिक आहे आणि आमच्या मंदिरात दिगंबरांतला तेरापंथी आम्नाय (परंपरा) चालतो. कृष्णाकाठ यांनी वर्णिलेली पूजा वाचताना एक फरक जाणवला. आमच्याकडे अभिषेक फक्त प्रासुक, म्हणजे गाळून तापवलेल्या पाण्याने होतो. पुष्प म्हणून केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात, नैवेद्य म्हणून खोबऱ्याच्या पांढऱ्या चकत्या आणि दीप म्हणून केशरी केलेल्या चकत्या. फूल तोडले तर त्यातल्या जिवांचा घात होतो आणि ज्योत पेटवली तर तिच्यावर पतंग येऊन पडतात. ज्याने अहिंसा सांगितली त्याच्यापुढे हिंसा करून काय अर्पण करायचे, असा हा विचार आहे. दक्षिण महाराष्ट्रातला दुधा-दह्याचा अभिषेक आणि हारांचे ढीग पाहिले की मला खरोखर यातना होतात. यात कोणाला दुखावण्याचा हेतू नाही.

आपल्या विषयाला धरून सांगायचे, तर रंगवलेल्या तांदळाला ‘पुष्प’ म्हणता येते, यातच पूजा ही भावाची आहे हे सिद्ध होते. मग ‘अवतर’ला वेगळे स्पष्टीकरण कशाला?

जुनी_बस्ती

वैदर्भीय यांच्या यातनेचा मी आदर करतो. ती जिवांविषयीच्या करुणेतून आलेली आहे. परंतु समंतभद्रांनी वर दिलेल्या श्लोकाच्या लगेच पुढच्या श्लोकात हाच आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिले आहे. ‘सावद्यलेशो बहुपुण्यराशौ’, म्हणजे जिनपूजेत थोडासा दोष घडतो हे ते मान्यच करतात आणि शीतल, कल्याणकारी जलाच्या सागराला विषाचा एक कण दूषित करू शकत नाही, असा दृष्टांत देतात. दोष नाहीच असे ते म्हणत नाहीत, ही गोष्ट मला फार प्रामाणिक वाटते.

आता आमच्या कोल्हापूरकडच्या अभिषेकाविषयी. ज्यांनी तो जवळून पाहिलेला नाही, त्यांना तो थाटाचा वाटतो. आमच्या बस्तीत उपाध्ये पहाटे ओल्या सोवळ्यात गाभाऱ्यात शिरतात आणि वीतभर उंचीची धातूची मूर्ती दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवतात. पाणी, नारळाचे पाणी, उसाचा रस, तूप, दूध, दही असे एकामागून एक ओतले जाते. दुधाची धार डोक्यावरून खांद्यावर उतरते तेव्हा मूर्तीचे डोळे, नाक, ओठ क्षणभर नाहीसे होतात. मग शुद्ध पाण्याचा कलश ओतला की तोच चेहरा, तितकाच शांत, पुन्हा वर येतो. वर काहीही ओतले तरी त्या मुद्रेत फरक पडत नाही. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून मी हे शेकडो वेळा पाहिले, आणि वीतराग या शब्दाचा अर्थ मला कोणत्याही पुस्तकाआधी तिथे कळला. गंधोदक, म्हणजे अभिषेकाचे पाणी, कपाळाला आणि डोळ्यांना लावताना आजी काही मागत नसे. ‘असं राहता यायला पाहिजे’ एवढेच म्हणत असे.

श्रवणबेळगोळला 2018 साली महामस्तकाभिषेकात हळद, केशर, दूध यांच्या धारांखाली 57 फुटांचा बाहुबली पाहिला तेव्हाही हेच वाटले. बारा वर्षांतून एकदा एवढा सोहळा होतो आणि तो ज्याच्यासाठी होतो त्याची पापणीही लवत नाही.

निस्सीही

मी श्वेतांबर मूर्तिपूजक आहे. घरात गुजराती बोलतो, शिक्षण सगळे मुंबईत मराठी माध्यमात झाले. आपल्या चर्चेत एक वेगळी बाजू मांडतो.

आमच्या नित्य अष्टप्रकारी पूजेत हे आवाहन आणि विसर्जन नाही. अंजनशलाका (डोळ्यांत अंजन घालून करायचा प्रतिष्ठाविधी) झालेल्या प्रतिमेत परमात्म्याची प्रतिष्ठा एकदा झाली की रोज बोलावण्याचे कारण उरत नाही. द्रव्यांचा क्रमही वेगळा आहे. जल, चंदन आणि पुष्प ही प्रत्यक्ष मूर्तीला अर्पण होतात, ती अंगपूजा. धूप, दीप, अक्षत, नैवेद्य आणि फळ समोर ठेवायचे, ती अग्रपूजा. त्यानंतर चैत्यवंदन (प्रतिमेपुढचे वंदन) आणि स्तवन, ती भावपूजा. चंदनाचे तिलक चरणाच्या अंगठ्यापासून सुरू करून नऊ अंगांवर करतात.

परंतु ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या ‘निस्सीही’ या शब्दात दिसते. तो तीनदा म्हणायचा असतो. देरासराच्या (मंदिराच्या) मुख्य दारात पहिल्यांदा, म्हणजे संसाराचे व्यवहार बाहेर ठेवले. गाभाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा, म्हणजे मंदिराच्या कारभाराचेही विचार सोडले. चैत्यवंदनाआधी तिसऱ्यांदा, म्हणजे द्रव्यपूजासुद्धा संपली, आता केवळ भाव. आपण ‘ये, थांब, जवळ राहा’ असे तीन टप्प्यांत बोलावता आणि आम्ही तीन टप्प्यांत एकेक गोष्ट मागे टाकत जातो. दिशा उलट दिसते, पण चालतो तो पूजकच.

इंद्रायणी_तीर

मी जैन नाही, वारकरी घरातली आहे. चर्चा फार मन लावून वाचते आहे. आम्ही विठ्ठलाला ‘ये’ म्हणतो तेव्हा तो येतो, यात आम्हाला शंका नसते. तो आमच्यासाठी थांबलेला आहे, हीच आमची श्रद्धा. म्हणून विचारते, ज्याच्याकडून काहीच मिळायचे नाही त्याच्यावर प्रेम कसे करता येते? माझ्या शेजारच्या जैन काकू दवाखान्यात कोणी असले की भक्तामर स्तोत्र म्हणतात. ते मागणेच नाही का?

शाहूपुरी

इंद्रायणी_तीर, आपला प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या खाटेशी बसून मी रोज भक्तामर म्हटले आहे.

मानतुंगाचार्यांचे हे स्तोत्र आदिनाथांना उद्देशून आहे आणि ते वसंततिलका वृत्तात आहे. आमच्या दिगंबर परंपरेत त्याचे 48 श्लोक आहेत आणि श्वेतांबर परंपरेत 44. हा फरक तीर्थंकरांच्या आठ प्रातिहार्यांपैकी (दैवी वैभवचिन्हांपैकी) चारांच्या वर्णनाचा आहे. राजाने मानतुंगांना कोंडले आणि एकेका श्लोकासरशी एकेक कुलूप गळून पडले, ही कथा आपण ऐकली असेल. स्तोत्राच्या शेवटच्या भागात हत्ती, सिंह, वणवा, सर्प, युद्ध, समुद्र, रोग आणि बंदिवास अशा आठ भयांचे श्लोक आहेत. काकू म्हणतात तो बहुधा 45 वा श्लोक असणार. जलोदराच्या भाराने वाकलेले, जगण्याची आशा सुटलेले रोगी तुझ्या चरणधुळीचे अमृत अंगाला लावून मदनासारखे रूपवान होतात, असा त्याचा आशय आहे.

मी तो श्लोक म्हणत असे आणि मनात मागणे असे, हे मी नाकारत नाही. वडील स्वतः पाठशाळेत शिकवत असत. एके दिवशी त्यांनी मला हाताने थांबवले आणि ‘दहावा म्हण’ म्हणाले. त्या श्लोकाच्या शेवटी एक प्रश्न आहे. जो आपल्या आश्रिताला स्वतःसारखा करत नाही, त्या स्वामीचा उपयोग तरी काय? वडिलांना मदनासारखे रूप नको होते. त्यांचे दुखणे बरे झाले नाही, पण त्या दिवसानंतर मी दहाव्यापासून पुढे हळू म्हणू लागलो आणि त्यांचा श्वास त्या लयीत येत असे.

प्रेम कसे करता येते, याचे उत्तर मानतुंगांनीच सहाव्या श्लोकात देऊन ठेवले आहे. ते म्हणतात, मी अल्पज्ञ आहे, विद्वान हसतील, पण तुझी भक्तीच मला बळजबरीने बोलायला लावते. वसंतात कोकिळ गोड गातो त्याला एकच कारण, आंब्याचा मोहोर. मोहोराने कोकिळाला बोलावलेले नसते आणि गाण्याबद्दल तो त्याला काही देतही नाही. तरी मोहोर आला की कोकिळाला गप्प बसता येत नाही.

निवृत्त_संस्कृत_शिक्षक

शाहूपुरी, आपल्या वडिलांना माझे वंदन. त्यांनी नेमका श्लोक निवडला.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे भाषेवर, कोणी बोललेले नाही. माझे मत स्पष्ट आहे. अर्थ मराठीत अवश्य छापावा, पण पाठ मूळ भाषेतच ठेवावा. वसंततिलकेच्या एका चरणात 14 अक्षरे आणि चार चरणांत 56. अर्थ आणि वृत्त दोन्ही सांभाळून मराठीत उतरवणे अशक्य नाही, पण आजवर मी वाचलेल्या प्रयत्नांत एक तरी गोष्ट निसटलेली आहे. शिवाय सामुदायिक पाठात सगळ्यांचे आवाज एका वळणावर एकत्र पडतात, ते वळण मूळ वृत्ताचे आहे. णमोकाराची तर गोष्टच वेगळी. पाच पदे, 35 अक्षरे, आणि त्यांत एकाही तीर्थंकराचे नाव नाही, फक्त अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू ही पदे आहेत. ते प्राकृत कोणत्याही प्रांताचे नाही, म्हणून सगळ्यांचे आहे.

जुनी_बस्ती

गुरुजी, येथे मात्र माझे आपल्याशी जुळत नाही. जिनाच्या चरणी मराठी परकी कधीच नव्हती. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठी अक्षरे कोरलेली आहेत. अभिषेकाचे पाणी शतकानुशतके त्यांच्या शेजारून वाहत आले आहे. पंधराव्या शतकात गुणकीर्तींनी श्रावकांसाठी ‘धर्मामृत’ मराठी गद्यात लिहिले. दहिगावशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या महतीसागरांनी मराठीत अभंग आणि आरत्या रचल्या. भोजचे आचार्य शांतिसागर 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना (आहार सोडून मृत्यू स्वीकारण्याचे व्रत) घेत असताना त्यांनी केलेला अखेरचा उपदेशही मराठीत होता. संस्कृत अष्टक काढून टाका असे मी म्हणत नाही. पण जयमाला म्हणजे गुणांची माळ. ती ज्या भाषेत आपण रागावतो आणि क्षमा मागतो त्या भाषेत का असू नये? उत्तम क्षमेच्या, म्हणजे पर्वाच्या पहिल्या, दिवशी आमच्या बस्तीतल्या बायका हिंदीतली दहा धर्मांची पूजा उत्तम गातात आणि ‘गारी’ म्हणजे शिवी हे निम्म्या जणींना ठाऊक नसते. क्षमेचा पहिला धडाच मुळी शिवी ऐकून न रागावण्याचा आहे.

वैदर्भीय

जुनी_बस्ती यांचे अभिषेकाचे वर्णन दोनदा वाचले. माझा आम्नाय मी सोडणार नाही, पण ‘वर काहीही ओतले तरी त्या मुद्रेत फरक पडत नाही’ हे मला आमच्या केवळ पाण्याच्या अभिषेकात पूर्वी दिसायला हवे होते. समंतभद्रांचे दोन्ही श्लोक पुस्तिकेत एकापाठोपाठ छापावेत, अशी माझी सूचना आहे.

एक शंका उरते. विसर्जनात ‘सर्वे यान्तु यथास्थितिम्’ असे म्हणतात, म्हणजे सर्वांनी आपापल्या ठिकाणी जावे. आवाहन चित्तात झाले असे मानले, तर हे जाणारे कोण?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. वैदर्भीय यांची शंका घेऊन मी आमच्या उपाध्ये अण्णांकडे गेले, कारण मीही त्या श्लोकाखाली ‘हे प्रभो, आता आपण परत जावे’ असे लिहून ठेवले होते. अण्णांनी चष्मा लावला, माझा कागद देव्हाऱ्याच्या उजेडाकडे धरला आणि पेन्सिलीने ‘हे प्रभो’ या दोन शब्दांवर काट मारली. मग श्लोक पहिल्यापासून सावकाश म्हणून दाखवला: ‘आहूता ये पुरा देवा लब्धभागा यथाक्रमम्’. ज्यांना आधी बोलावले आणि ज्यांना त्यांचा वाटा मिळाला ते देव. वाटा जिनाला कधी असतो काय, असे त्यांनी मलाच विचारले. मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या आणि मोठ्या विधानाच्या (विशेष पूजासोहळ्याच्या) वेळी दिक्पाल, यक्ष, यक्षी यांना पूजेचे रक्षक म्हणून मान देऊन बोलावतात. ते संसारी देव आहेत, येतात, मान घेतात, जातात. हा श्लोक त्यांना निरोप देण्याचा आहे, आणि मोठ्या विधानातला हा श्लोक आपण रोजच्या पूजेतही म्हणू लागलो, असे अण्णांचे म्हणणे. जिनासाठी त्याच्या आधीचा ‘ज्ञानतोऽज्ञानतो वापि’ हा श्लोक आहे, ज्यात जाणता-अजाणता राहिलेल्या उणिवांची क्षमा मागितली आहे आणि कोणालाही जायला सांगितलेले नाही.

भाषेचे असे ठरले. अष्टक, मंत्र आणि णमोकार मूळ भाषेत, खाली मराठी अर्थ. द्यानतरायांची पूजा तशीच राहील, पण ‘गारी’सारख्या शब्दांचे अर्थ त्याच ओळीच्या बाजूला येतील, म्हणजे गाताना नजर टाकता येईल. जयमाला दोन छापायच्या, हिंदी आणि मराठी. ज्या दिवशी ज्यांचा मान असेल त्यांनी निवडावी. ‘निर्वपामीति’ मी स्वतः तीनदा तपासले आहे.

‘अवतर अवतर’च्या खाली सध्या पुढील मजकूर लिहिला आहे. चूक असल्यास छपाईला जाण्यापूर्वी, म्हणजे येत्या रविवारपर्यंत सांगावे:

‘हे जिनेंद्रा, तू स्वस्थानी स्थिर आहेस. इतस्ततः भटकणारे माझे चित्त तुझ्या गुणांपाशी येवो, तेथे थांबो, आणि पूजा होईपर्यंत तुझ्याजवळ राहो.’

अण्णांना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ‘पूजा होईपर्यंत’ या शब्दांवर बोट ठेवले आणि ते काढू का, असे विचारले. मी अजून काढलेले नाहीत.